विश्लेषण : परदेश दौऱ्याचा खर्च करातून वजा करता येतो का? स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी नियम काय?

नाशिकचा द्राक्ष निर्यातदार फेब्रुवारीत बर्लिनच्या ‘फ्रूट लॉजिस्टिका’ प्रदर्शनाला जातो. पुण्यातली इंटेरिअर डिझायनर एप्रिलमध्ये मिलानचे फर्निचर प्रदर्शन गाठते. ठाण्यातला फ्रीलान्स प्रोग्रॅमर सिंगापूरच्या क्लायंटला भेटायला जातो. परत आल्यावर तिघांचाही आपापल्या सीएला एकच प्रश्न असतो : हा खर्च ‘धंद्यात टाकता’ येईल का?

याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो, पण सगळा नाही’ असे असते. किती टाकता येईल आणि किती नाही, हे ज्या रेषेवर ठरते ती रेषा कायद्यात एका ओळीत लिहिलेली आहे. तिचा अर्थ लावण्यात मात्र न्यायालयांची अनेक दशके गेली आहेत.

कायदा नेमके काय म्हणतो?

परदेश प्रवासासाठी प्राप्तिकर कायद्यात वेगळे कलम नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ३७(१) हे सर्वसाधारण कलम इथे लागू पडते. त्यानुसार खर्चाला वजावट मिळण्यासाठी तीन अटी आहेत. खर्च भांडवली स्वरूपाचा नसावा. तो करदात्याचा वैयक्तिक खर्च नसावा. आणि तो ‘संपूर्णपणे व केवळ’ व्यवसायाच्या कारणासाठी केलेला असावा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सुटसुटीत झाली. पण ही कसोटी तशीच राहिली. त्यामुळे जुन्या कायद्याखालचे न्यायनिवाडे आजही उपयोगाचे आहेत. या लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत, कारण सीए आणि करदाते यांच्या बोलण्यात अजून तेच आहेत.

कलमात ‘आवश्यक’ हा शब्द नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९६१ च्या विधेयकात ‘संपूर्णपणे, आवश्यकतेने व केवळ’ अशी शब्दयोजना होती. त्याला विरोध झाला आणि ‘आवश्यकतेने’ हा शब्द गाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुंबईच्या सासून जे. डेव्हिड कंपनीच्या प्रकरणात या इतिहासाचा आवर्जून उल्लेख केला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, ‘हे काम व्हिडिओ कॉलवर झाले नसते का?’ असे विचारून अधिकारी खर्च नाकारू शकत नाही. दौरा करायचा की नाही, हे व्यावसायिकाने ठरवायचे. अधिकाऱ्याने एवढेच पाहायचे की तो व्यवसायासाठीच होता का.

म्हणूनच दौऱ्यातून ऑर्डर मिळाली नाही, तरी वजावट जात नाही. प्रदर्शनात दहा जणांना भेटून एकही सौदा झाला नाही, हा धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. कायदा हेतू विचारतो, फळ नाही.

मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती ‘केवळ’ या शब्दाशी. काम आणि सहल एकत्र झाली की दौऱ्याचे हेतू दोन होतात.

‘संपूर्णपणे व केवळ’ हीच शब्दयोजना ब्रिटिश करकायद्यातही आहे. तिथले दोन खटले एकमेकांशेजारी ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. पहिला १९६५ चा, बोडेन विरुद्ध रसेल अँड रसेल. एक सॉलिसिटर पत्नीसह वॉशिंग्टन आणि ओटावा इथल्या वकिलांच्या परिषदांना गेला. परिषदांना तो खरोखर हजर होता. पण सहलीचा आणि गाठीभेटींचा हेतूही होता, हे त्याने मान्य केले. खर्च नाकारला गेला. दुसरा खटला त्यानंतर दोनच वर्षांनी निकाली निघालेला, एडवर्ड्स विरुद्ध वॉर्म्सली, हेन्शॉल अँड कंपनी. हिशेब तपासनिसांच्या फर्मचा एक भागीदार फर्मचा प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय लेखापाल परिषदेला गेला. तो खर्च मान्य झाला. दोघेही परिषदेलाच गेले होते. फरक होता तो कशासाठी आणि कोणत्या नात्याने गेले, याचा.

भारतात ‘व्यवसायाला उपयोगी’ आणि ‘केवळ व्यवसायासाठी’ यांतला फरक दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ज्येष्ठ वकील शांती भूषण यांच्या प्रकरणात दाखवून दिला. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिली व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करावा, अशी त्यांची मागणी होती. हृदय धडधाकट असल्याशिवाय वकिली करता येत नाही, हे खरे. पण हृदय वकिलीसाठीच असते असे नाही. न्यायालयाने मागणी फेटाळली. ‘युरोप पाहिल्याने माझी डिझाइनची नजर सुधारली’ किंवा ‘आठवडाभर विश्रांती घेतली म्हणून काम चांगले झाले’ हे युक्तिवाद याच कारणाने टिकत नाहीत.

मिश्र दौऱ्याचा हिशेब कसा करायचा?

भारतात मिश्र दौऱ्याचा सगळाच खर्च नाकारण्याऐवजी व्यवसायाचा आणि वैयक्तिक भाग वेगळा काढण्याची पद्धत व्यवहारात रूढ आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डिझायनर एकूण दहा दिवस परदेशात आहे. सात दिवस मिलानमध्ये प्रदर्शन आणि पुरवठादारांच्या भेटी, नंतर तीन दिवस स्वित्झर्लंडमध्ये फिरणे. खर्च असा :

– विमान तिकीट : ७२,००० रुपये
– व्हिसा आणि प्रवास विमा : १५,००० रुपये
– मिलानचे हॉटेल, सात रात्री : ७७,००० रुपये
– मिलानमधील जेवण व स्थानिक प्रवास : ३५,००० रुपये
– प्रदर्शनाचे प्रवेशशुल्क : ६,००० रुपये
– स्वित्झर्लंडचे तीन दिवस : ६०,००० रुपये

एकूण २,६५,००० रुपये. यातले स्वित्झर्लंडचे ६०,००० रुपये सरळ बाजूला काढायचे. ते वैयक्तिक आहेत, त्यावर वाद नाही. मिलानमधील हॉटेल, जेवण आणि प्रवेशशुल्क मिळून १,१८,००० रुपये व्यवसायाचे, त्यावरही फारसा वाद नाही.

प्रश्न उरतो तो तिकीट, व्हिसा आणि विम्याच्या ८७,००० रुपयांचा. एक बाजू म्हणते : प्रदर्शन नसते तर ती युरोपला गेलीच नसती, तिकीट तेवढेच लागले असते, म्हणून पूर्ण रक्कम व्यवसायाची. दुसरी बाजू म्हणते : दहापैकी सात दिवस कामाचे, म्हणून ७० टक्के, म्हणजे ६०,९०० रुपये. पहिल्या हिशेबाने वजावट २,०५,००० रुपये होते, दुसऱ्याने १,७८,९०० रुपये.

डिझायनर ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह दर ३१.२ टक्के. दोन हिशेबांतला २६,१०० रुपयांचा फरक म्हणजे करात सुमारे ८,१४३ रुपयांचा फरक. कामाचे दिवस स्पष्टपणे जास्त असतील आणि दौऱ्याच्या तारखा प्रदर्शनाभोवतीच असतील, तर पहिली भूमिका घेता येते. उलट, दोन दिवसांची बैठक आणि आठ दिवसांची सहल असेल, तर पूर्ण तिकीट मागणे अवघड. तिथे दौऱ्याचा मुख्य हेतूच बदललेला असतो.

प्रदर्शनाच्या आठवड्यात मध्येच रविवार आला तर? दोन कामांच्या मधली सुट्टी साधारणपणे दौऱ्याचाच भाग धरली जाते, कारण तेवढ्यासाठी परत येणे शक्य नसते. कामाच्या शेवटाला जोडून घेतलेल्या सुट्टीचे तसे नाही.

जोडीदार सोबत असेल तर?

पती, पत्नी किंवा मुलांचा प्रवासखर्च हा पहिला कापला जाणारा भाग. जोडीदार व्यवसायात खरोखर काम करत असेल, म्हणजे त्याला पगार मिळत असेल किंवा तो भागीदार असेल, आणि दौऱ्यात त्याचे ठरलेले काम असेल, तरच तो मागावा. ‘सोबत असणे’ हे काम नव्हे. दोघांची खोली एकच असेल, तर एकट्यासाठी जे भाडे पडले असते तेवढेच व्यवसायाचे धरणे रास्त.

मुलांच्या परदेशी शिक्षणाबाबतही हाच विचार होतो. ‘सकाळ पेपर्स’च्या प्रकरणात कंपनीने संचालकांच्या मुलीच्या अमेरिकेतील शिक्षणावर केलेला खर्च मुंबई उच्च न्यायालयाने व्यवसायाचा मानला होता. या निकालाचा दाखला आजही दिला जातो. पण त्यानंतरच्या अनेक प्रकरणांत, शिक्षणाचा व्यवसायाशी थेट संबंध सिद्ध झाला नाही आणि नात्याचाच संबंध उरला, म्हणून वजावट नाकारली गेली. निकालाचे नाव सांगून काम भागत नाही. तो संबंध कागदावर दाखवावा लागतो.

अनुमानित उत्पन्न योजनेत असलेल्यांचे काय?

बहुतेक फ्रीलान्सरची गल्लत इथे होते. कलम ४४एडीए ही ठराविक व्यावसायिकांसाठीची योजना. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, अभियंते, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटेरिअर डेकोरेटर अशांची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. रोखीतली जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर ही मर्यादा ७५ लाख आहे. हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही.

पण उरलेल्या निम्म्या रकमेत सगळे खर्च आले, असे कायदा धरून चालतो. ४० लाखांची जमा असलेल्या डिझायनरने २० लाख उत्पन्न दाखवले, की मिलानच्या दौऱ्यासाठी वेगळी वजावट उरत नाही. ती आधीच मिळालेली असते.

प्रत्यक्ष खर्च जमेच्या निम्म्याहून जास्त असेल, तर योजनेबाहेर पडून खरा नफा दाखवता येतो. मात्र त्यासाठी वह्या ठेवाव्या लागतात आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एका दौऱ्यासाठी हा खटाटोप परवडतो का, हे वर्षाचा सगळा खर्च मांडल्यावरच कळते. व्यापाऱ्यांसाठीच्या कलम ४४एडीमध्येही तत्त्व तेच आहे. तिथे उत्पन्न जमेच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या जमेवर ६ टक्के धरले जाते.

दुसरी गल्लत नव्या कररचनेबद्दलची. ‘नव्या रचनेत वजावटी मिळत नाहीत’ हे विधान विमा, पीपीएफ यांसारख्या गुंतवणुकीच्या सवलतींना लागू आहे. व्यवसायाचा खर्च नफा काढण्याआधीच वजा होतो, त्यामुळे तो दोन्ही रचनांत चालतो. पगारदारांना मात्र स्वतःच्या खिशातून केलेल्या कामाच्या प्रवासाची अशी वजावट नाही.

कोणता दौरा खर्चात धरला जात नाही?

व्यवसाय सुरू होण्याआधीचा दौरा. दुकान, स्टुडिओ किंवा प्रॅक्टिस सुरूच झाली नसेल, तर वजा करायला नफ्याचे खातेच नसते.

यंत्र विकत घेण्यासाठी केलेला दौरा. छापखान्याचा मालक यंत्र पाहून खरेदी करण्यासाठी जर्मनीला गेला, तर तो खर्च साधारणपणे यंत्राच्या किमतीत मिळवला जातो. त्यावर घसारा मिळतो, एकरकमी वजावट नाही.

करमुक्त उत्पन्नासाठीचा दौरा. निर्यातदार स्वतःच्या बागेतली द्राक्षे पिकवत असेल, तर शेतीचे उत्पन्न करमुक्त असते. आणि करमुक्त उत्पन्नासाठी केलेला खर्च कलम १४ए नुसार वजा होत नाही. इतरांकडून माल घेऊन निर्यात करणाऱ्याचे तसे नाही. दोन्ही करणाऱ्याला बर्लिनचा खर्च विभागून दाखवावा लागतो.

कंपनीने ‘फुकट’ नेलेली सहल असेल तर?

सिमेंट, रंग, खते, मोबाइल यांच्या विक्रेत्यांना टार्गेट पूर्ण केल्याबद्दल बँकॉक किंवा दुबईला नेण्याची प्रथा गावोगावी आहे. इथे विक्रेत्याचा खर्च होतच नाही. उलट करकायद्याच्या नजरेतून ते त्याचे उत्पन्न ठरते. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर नुसार, वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा लाभ दिला तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. तो विक्रेत्याच्या खात्यात दिसतो. रिटर्नमध्ये तेवढे उत्पन्न दाखवले नाही, तर तफावत उघड होते.

याच कलमावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने काढलेल्या परिपत्रकांतून काम आणि सहल यांची विभागणी खाते कशी करते, हे दिसते. नव्या उत्पादनाची माहिती देण्यासारख्या उद्देशाने घेतलेली विक्रेत्यांची परिषद हा लाभ मानला जात नाही. त्यातला सहलीचा भाग, कुटुंबीयांचा खर्च आणि परिषदेच्या आधी-नंतरचा जादा मुक्काम मात्र लाभ ठरतो. परिषदेच्या लगतचा आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस जादा मुक्कामात धरला जात नाही. हा नियम टीडीएससाठी आहे, खर्चाच्या वजावटीसाठी नाही. तरीही आपल्या दौऱ्याची आखणी करताना तो चांगला अंदाज देतो.

डॉक्टरांसाठी आणखी एक बाब. औषध कंपनीकडून प्रवासखर्च स्वीकारणे वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. कंपन्यांनाही अशा भेटींवरचा खर्च वजा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात स्पष्ट केले. स्वतःच्या पैशाने वैद्यकीय परिषदेला जाणाऱ्या डॉक्टरचा दावा मात्र वर सांगितलेल्या कसोटीवरच तपासला जातो.

पुरावा म्हणून काय ठेवावे?

तिकीट आणि हॉटेलचे बिल एवढेच सांगतात की प्रवास झाला. तो कामासाठी झाला, हे सांगणारे कागद वेगळे असतात :

– निमंत्रण, प्रदर्शनाची नोंदणी, प्रवेशाचा बिल्ला
– भेटी ठरवतानाचे ईमेल; हे दौऱ्याच्या आधीचे असल्याने सर्वांत वजनदार
– दिवसवार टिपण : तारीख, ठिकाण, कोणाला भेटले, कशाबद्दल
– मिळालेली कोटेशन, नमुने, नंतरचा पत्रव्यवहार
– कार्डाचे स्टेटमेंट, ज्यात परकीय चलनाचे रुपयांतले मूल्य दिसते
– व्हिसा अर्जाची प्रत

शेवटची गोष्ट बरेचदा विसरली जाते. अर्जात प्रवासाचे कारण ‘पर्यटन’ लिहिले आणि रिटर्नमध्ये ‘व्यवसाय’ म्हटले, तर अधिकाऱ्याच्या हातात आयता प्रश्न मिळतो.

रोखीबाबत सावध राहावे. व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३) नुसार तो खर्च सहसा नाकारला जातो. हॉटेलचे बिल कार्डाने भरणे म्हणूनच बरे. ज्या व्यावसायिकांना वह्या ठेवणे बंधनकारक आहे, त्यांना त्या संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपाव्या लागतात.

टूर पॅकेज घेताना किंवा परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे. तो आगाऊ भरलेला कर असतो. रिटर्न भरताना तो देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. तो खर्चातही दाखवायचा आणि परतही मागायचा, हे चालत नाही.

चुकीचा दावा केला तर?

परदेश प्रवास खात्यापासून लपून राहत नाही. वर्षभरात स्वतःच्या किंवा इतर कोणाच्या परदेश प्रवासावर दोन लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी रिटर्न भरणे बंधनकारक आहे. वह्या ठेवणाऱ्यांच्या आयटीआर-३ मध्ये नफा-तोटा पत्रकात परदेश प्रवास खर्चासाठी स्वतंत्र रकाना आहे. जमेच्या मानाने त्यातला आकडा मोठा असेल, तर तो नजरेत भरतो.

वरच्या उदाहरणात स्वित्झर्लंडचे ६०,००० रुपयेही धंद्यात टाकले, तर १८,७२० रुपये कर वाचल्यासारखे वाटतात. पण उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या ५० टक्के असतो. पुराव्याशिवाय खर्च दाखवणे हे ‘चुकीची माहिती देणे’ या प्रकारात मोडते आणि तिथे दंड २०० टक्के, म्हणजे ३७,४४० रुपये. शिवाय मूळ कर आणि व्याज वेगळे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. चौकशीच्या भीतीने अनेक छोटे व्यावसायिक खऱ्या दौऱ्याचाही खर्च दाखवत नाहीत आणि हक्काच्या वजावटीवर पाणी सोडतात. काही वेळा अधिकारी ठोक दहा-वीस टक्के खर्च ‘वैयक्तिक असावा’ म्हणून कापतात. अपिलात अशी अंदाजे केलेली कपात टिकवणे खात्याला अवघड जाते. पण त्यासाठी करदात्याची बाजू कागदावर भक्कम असावी लागते.

म्हणून या हिशेबाची सुरुवात रिटर्न भरताना नव्हे, तिकीट काढताना होते. भेटी आधी ठरवणे, कामाचे आणि सुट्टीचे दिवस वेगळे ठेवणे, सुट्टीचा खर्च वेगळ्या कार्डावर करणे आणि रोज रात्री चार ओळींचे टिपण लिहिणे, एवढे केले तरी बहुतेक प्रश्नांची उत्तरे तयार असतात. रक्कम मोठी असेल किंवा दौरा मिश्र असेल, तर निघण्यापूर्वीच सीएशी बोलून घेणे स्वस्तात पडते.